दुसरं बोरन्हाण

ओवीचं बोरन्हाण संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झालं. काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेली आमची चार वर्षांची मुलगी, भोवती बिल्डिंगमधल्या बायका आणि पोरं. सासूबाईंनी डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले आणि एक टपोरं बोर तिच्या कपाळावर बसलं. ओवीचा खालचा ओठ बाहेर आला. रडू गिळत, हात जोडून ती बोरांनाच म्हणाली, "हळू पडा ना, मी लहान आहे."

माझे दीर, गंधारभाऊजी, मोबाइल धरून उभेच होते. सासूबाईंचा रेसिपीचा चॅनल आहे. त्यावर अळूवडीपासून उकडीपर्यंत सगळं आहे आणि बघणारे आम्ही नातेवाईक. भाऊजींनी ओवीचा तुकडा तिथे टाकला. पाच दिवसांत तो अकरा लाख लोकांनी बघितला.

पहिल्या दिवशी कमेंट वाचून मीही हसले, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी बेलवलीत भाजीच्या गाडीपाशी एका अनोळखी माणसाने वाकून ओवीचा गाल धरला आणि म्हणाला, "हळू पडा ना! ओवीच ना ही?" माणूस वाईट नसेलही. हातात मेथीची जुडी होती, सोबत बायको होती. मी मात्र भाजी न घेताच घरी आले. संध्याकाळी कमेंटमध्ये सापडलं, फोटो नसलेल्या कुणीतरी विचारलं होतं, बाळ कुठल्या शाळेत जातं. खाली सासूबाईंनी हसरा चेहरा टाकून शाळेचं नाव लिहिलं होतं. मी ते काढायला लावलं. लोक कौतुकाने विचारतात गं, असं त्या म्हणाल्या आणि काढलं.

त्याहून मला ओवीची धास्ती बसली होती. ती माझ्या फोनवर सेल्फी कॅमेरा लावून ओठ बाहेर काढायची, स्वतःला बघायची, मग थोडा आणखी बाहेर. मी आत आले की फोन पालथा ठेवायची.

नवरा, देवदत्त, आनंदनगरच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, घरातलेच आहेत सगळे, कशाला टेन्शन घेतेस. आणि वर, गंधार सहा महिने घरी बसलाय, त्याला काहीतरी सुचतंय तर सुचू दे.

भाऊजींना सुचलं ते असं. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, म्हणजे अजून नऊ दिवस हातात होते. पुन्हा करायचं, दिवसाच्या चांगल्या उजेडात, नीट कॅमेऱ्याने. पुढच्या संक्रांतीला ओवी मोठी दिसेल, मग मजा नाही. "वहिनी, तुम्ही वाचता बिचता," ते म्हणाले, "कॅमेरा तुम्हीच बघा."

तिथे मी नाही म्हणायला हवं होतं. एम.एस्सी. झालेली मी, त्याऐवजी रोज दुपारी ओवी झोपली की कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू वाचत बसले. कारण मला वाटलं, मला युक्ती सापडली आहे. व्हिडिओ करणाऱ्यांना आवडतात त्या कॅमेऱ्यांची स्क्रीन पुढे वळते, समोरच्याला आपलं तोंड त्यात दिसतं. ओवीला तोंड दिसतं म्हणून तर हे नाटक सुचतं. दिसलंच नाही तर कंटाळेल. ती कंटाळली की भाऊजीही दुसरं काहीतरी शोधतील. स्क्रीन न वळणारा कॅमेरा घ्यायचा, एवढंच मला करायचं होतं.

उल्हासनगरला दोन नंबर कॅम्पातल्या दुकानात गेलो. दुकानदार वयस्कर सिंधी गृहस्थ, समोर चहा, मागे खोक्यांची भिंत. भाऊजींचा हात सरळ वळत्या स्क्रीनच्या कॅमेऱ्याकडे गेला. मी वजन, फोकस, उजेड असं बरंच काही बोलले. माझंच मला हसू येत होतं. तेवढ्यात दुकानदारांनीच माझी बाजू घेतली.

"भाभी सही बोल रही हैं. बच्चे का शूट है ना? बच्चा स्क्रीन में खुद को देखता रहता है, नॅचरल नहीं आता. ये सादावाला लो, और कॉलर पे एक माइक लगाओ. पब्लिक हिलता हुआ पिक्चर चला लेती है, खराब आवाज नहीं."

भाऊजी खूश. स्टेशनपर्यंत ते माझं कौतुक करत आले. मी मात्र 'नॅचरल' या शब्दापाशीच अडकले होते. तरी वाटलं, दुकानदार आहे, विकायला बोलतो.

रथसप्तमीच्या आदल्या सकाळी हॉलमध्ये पुन्हा पाट मांडला. त्याच बायका, तीच पोरं, नवे हलव्याचे दागिने. बोरं पडली. ओवीने ओठ बाहेर काढला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि ओठ आत घेतला. "मी कुठे दिसते?" तिने विचारलं. सासूबाईंनी बोरं गोळा करून पुन्हा ओतली. ओवी चुरमुरे खात बसली. तिसऱ्यांदा बोरं ओतली तेव्हा शेजारच्या स्वप्नालीने घड्याळ बघितलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं.

मग ओवीने मान वर करून मला शोधलं. मी भिंतीपाशी होते. भाऊजींच्या ते बरोबर लक्षात आलं. त्यांनी दंडाला धरून मला कॅमेऱ्याच्या अगदी मागे आणून उभं केलं. "ती तुमच्याकडे बघते वहिनी. इथेच थांबा."

आता ती माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघायला लागली. मी घाबरून बघितलं, तर तिच्या कपाळावर आठी आली. मी पटकन हसले, तर तीही अर्धवट, अवघडून हसली, आणि भाऊजी पुटपुटले, वा. चेहरा कोरा ठेवून बघितला. ते तिला कधीच सहन होत नाही, डोळे भरले. मी काहीही केलं तरी ते तिच्या तोंडावर उमटत होतं आणि समोरून घेतलं जात होतं.

म्हणून मी खाली बसले, स्टँडच्या मागे, तिला दिसू नये अशी.

"आई?" ओवी म्हणाली. मग मोठ्याने, "आई, कुठे गेलीस?" आणि ती रडायला लागली, खरं, श्वास अडकेल असं.

मी उठणार तर सासूबाईंनी खांदा दाबला. "राजसी, दोनच मिनिटं थांब." आवाजात प्रेमच होतं. नातीवरही, मुलावरही.

मी हात झटकला आणि कॅमेऱ्याच्या पुढून गेले. ओवीला उचललं, लेन्सकडे पाठ केली आणि तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं. "बंद करा भाऊजी," मी म्हटलं.

"हो वहिनी, करतो," ते म्हणाले. बटण दाबल्याचा आवाज आला नाही. बायकांमधून कुणीतरी चुकचुकलं, कुणीतरी म्हणालं, आईचं काळीज.

खांदा ओला होत होता. हळूहळू हुंदके थांबले. ओवीने नाक माझ्या ओढणीला पुसलं, मान वर काढली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"काका, आलं का? की परत रडू?"

माझा हात तिच्या डोक्यामागे होता. तिने मान वळवू नये म्हणून मी तो दाबला, आणि ती आणखी जोर लावून मागे वळली.