धावपट्टीची बारीक भेग

मी एक जुनी धावपट्टी आहे. लष्कराच्या विमानतळावर उन्हापावसात आडवी पडलेली. मित्रांनो, लोकांना वाटते, दगड-सिमेंटला कसली भीती! पण मी जन्मापासून भीतच आले आहे.

लढाई तोंडावर आली तेव्हा मला घाईघाईने बांधले. बॉम्ब घेतलेली विमाने माझ्यावरून जड होऊन जात आणि हलकी होऊन परत येत. काही आलीच नाहीत. तेव्हा मोठे अधिकारी माझ्यावर उभे राहून फोटो काढीत. पुढे लढाई संपली आणि शिकाऊ वैमानिक आले. ते बेडकासारखे उड्या मारीत उतरत. मग तेही गेले. माझ्या सांध्यांत गवत माजले, कोणी ढुंकूनही पाहिले नाही. यंदा पुराने रस्ते तुटले, तेव्हा आजारी माणसे आणायला माझी आठवण झाली.

विमान उतरण्याआधी झाडूवाल्या बायका ओळीने माझ्यावरून चालतात. एक खडा जरी इंजिनात ओढला गेला, तरी घात होतो. आज मुकादम सगळ्यात मागे राहिलेल्या काकूंवर ओरडला, "काकू, सोनं शोधताय का? पाय उचला!"

"सोनं सापडलं असतं तर रोज तुझं तोंड बघायला आले असते का रे?"

बायका हसल्या. काकूंची लेक परिचारिका आहे. येणाऱ्या विमानात ती होती.

तेवढ्यात विमान दिसले, वेळेच्या आधीच. सगळे बाजूला पळाले. शेवटचा तुकडा झाडायचा राहिला आणि नेमकी तिथेच एका बारीक भेगेच्या कडेची माझी एक ढपली सुटली होती. मला ओरडता येत नाही. चाक आले. ढपली उडून विमानाच्या पोटावर आदळली. इंजिन हातभर अंतराने वाचले.

लेकीने रुग्ण उतरवले आणि ती पुन्हा विमानात चढली. काकूंनी भेगेत बोट घातले. आत आणखी खडे हलत होते.

"ही फेरी होऊ द्या, मग भरू," मुकादम म्हणाला.

"आधी भर. तोवर मी इथून हलायची नाही." त्या माझ्यावर फतकल मारून बसल्या.

"अहो, तिकडं माणसं पाण्यात आहेत!"

"ठाऊक आहे रे. म्हणून तर म्हणते, विमान पोचू दे."

मुकादम डांबराच्या गाडीकडे धावला.

मित्रांनो, मोठी भेग सगळ्यांनाच दिसते. तुम्ही बारीक भेगेला भ्या, आणि ती वेळेवर भरा. माझी आत्ताच भरली आहे. डांबर अजून गरम आहे. काकू कडेला उभ्या आहेत आणि विमानाची चाके माझ्याकडे वळली आहेत.