पाचव्या नळीपर्यंत

प्रयोगशाळेत तिला सगळे काचमावशी म्हणत. रक्त तपासायच्या नळ्या धुऊन, वाळवून, लाकडी घोड्यांवर ओळीनं लावायच्या, हे तिचं काम. बावीस वर्षांत किती फोडल्यास असं कुणी विचारलं तर म्हणे, "मी कशाला फोडू? आयुष्य संपलेल्या नळीला कोण धरून ठेवणार?"

यावेळी मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता, तो नातीपायी. नात नऊ वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण पोरगी चालताना कुणी पाहिलीच नव्हती. महिन्यापूर्वी तिचे पाय दुखायला लागले. नाक्यावरच्या डॉक्टरांनी रक्त काढून याच प्रयोगशाळेत पाठवलं. घशातल्या जंतूंची खूण दाखवणारा आकडा आला तीनशे तेहतीस, आणि कागदावर छापलं होतं, दोनशेपर्यंत ठीक.

"र्‍हुमॅटिक ताप," डॉक्टर म्हणाले. "घशाच्या जंतूंनंतर येतो. सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. पळणं बंद. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, मोठी होईपर्यंत."

सुनेनं ऐकलं आणि पोरीला उंबऱ्यावर बसवून ठेवलं. काचमावशीनं तिला उचललं ते थेट इस्पितळातल्या मुलांच्या डॉक्टरांपुढे नेलं. त्यांनी गुडघे, घोटे दाबून पाहिले, सूज नाही. ताप नाही. पोटऱ्या संध्याकाळी दुखतात, सकाळी पोरगी ठणठणीत. हृदयाची सोनोग्राफीही स्वच्छ आली.

"मग आकडा?" मावशीनं विचारलं.

"आकडा एकटा काही सांगत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊ. पहिलं रक्त फ्रीजरमध्ये आहेच. दोन्ही एकाच दिवशी, शेजारी शेजारी लावायची. वाढ दिसली तर मात्र इंजेक्शनचा विचार करावा लागेल."

ते तीन आठवडे मावशीनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. आणि तपासणीच्या सकाळी, मोरीत नळ्या धुताना, तिच्या मनात पाप आलं.

प्रयोगशाळेच्या डॉक्टरांना सगळे बाई म्हणत. त्यांनी मावशीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "साबणाचा कण राहिला तर तांबड्या पेशी फुटतात. नळीभर लाल पाणी होतं आणि आकडा खोटाच कमी येतो." ओळीत सात नळ्या, पुढची नळी म्हणजे मोठा आकडा. म्हणजे शेवटच्या चार नळ्या नीट खंगाळल्या नाहीत, तर आकडा खाली. ओळ लावणारी तीच. कुणाला पत्ता लागला नसता. पोरगी उद्यापासून पळायला मोकळी.

साबणाची नळी हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग तिनं नळ चालू केला. रोज सहा पाण्यांनी खंगाळायची, त्या दिवशी दहा पाण्यांनी खंगाळल्या. बोटं सुरकुतून गेली.

बाईंनी पोरीच्या जुन्या आणि नव्या रक्ताच्या दोन ओळी लावल्या, नंतर आणखी दहा. नळ्या तासभर कोमट पाण्यात राहिल्या. मग बाईंनी हाक मारली, "मावशी, या. आज तुम्हीच वाचा."

बावीस वर्षांत तपासणीनंतर तिनं या नळ्या फक्त उष्ट्या पाहिल्या होत्या, बादलीत पडलेल्या. आज पहिल्यांदा भरलेल्या, उजेडात उभ्या पाहिल्या. पहिल्या नळीत वर नितळ पाणी आणि तळाशी लाल टिकली. दुसरीत तसंच. पाचवीपर्यंत तसंच. सहावीपासून पुढं सगळं सरबतासारखं लाल.

"प्रत्येक नळीत तांबड्या पेशी आणि त्या फोडणारं जंतूचं विष घातलंय," बाई म्हणाल्या. "पोरीच्या रक्तात त्यावरची तोड आहे, पण पुढच्या प्रत्येक नळीत ते रक्त आणखी पातळ केलंय. जिथवर ती पुरली तिथवर पेशी वाचल्या. पाचवी म्हणजे तीनशे तेहतीस. आता दुसरी ओळ वाचा."

मावशीनं बोटानं एकेक मोजली. पाचवीपर्यंत नितळ. तिनं पुन्हा मोजली, उलटीकडून.

"वाढला नाही," ती हळूच म्हणाली. "पण उतरलाही नाही की हो."

"आता या बाकीच्या दहा ओळी बघा."

दोन ओळी पाचव्या नळीपर्यंत नितळ होत्या, एक तर सहावीपर्यंत.

"ही बिचारी कुणाची पोरं?"

"शाळेतली. धडधाकट. आत्ता मास्तरांचं डोकं खात असतील. कागदावरचं दोनशे मोठ्या माणसांना पाहून ठरवलेलं आहे, म्हणून मी आपल्या शाळकरी पोरांचं मोजायला घेतलंय. साठ झाली. तेरा पोरं तीनशे तेहतीस किंवा त्याच्यावर, आणि एकालाही काही नाही. या वयात घसा सारखा धरतो. पोरगं चार दिवसांत विसरतं, रक्त कित्येक महिने विसरत नाही."

मावशीला स्वतःला परवाची भाजी आठवत नसे.

"बाई, मनात आलं होतं, शेवटच्या चार नळ्यांना साबण ठेवावा."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "ठेवला असतात, तरी मला पोरगी बरी आहे असं म्हणता आलं नसतं. आकडा कमी असून हृदयाच्या झडपा गेलेली पोरं पाहिलीत मी. दुखणं सांध्यांत आणि हृदयात शोधायचं. तिथं नाही, आणि आकडाही जागचा हलला नाही, म्हणून सांगते, हा ताप नव्हे. डॉक्टरही हेच म्हणतील."

मुलांच्या डॉक्टरांनी तेच म्हटलं. पोटऱ्यांना तेल चोळा म्हणाले.

दुपारी मावशी भिंगरीला आणायला शाळेत गेली. घंटा झाली आणि पोरं लोंढ्यासारखी बाहेर आली. मावशी फाटकाला धरून बघत राहिली. कुणाचं नाक गळत होतं, कुणाची एकच चप्पल सापडत होती. आईबापांना चाहूल न लागता एवढ्या लढाया जिंकून आलेली ही फौज, आणि दुसऱ्या चपलेसाठी भांडत होती.

भिंगरी सावकाश, शहाण्यासारखी चालत आली.

"आजी, पळू का?"

"पळ. फक्त घसा दुखला की लपवायचं नाही, आधी मला सांगायचं."

पुढचं ऐकायला भिंगरी जागेवर नव्हतीच.