पेटीतून काढलेला कापूस

एल्रॉय संशयी माणूस. चहावाल्याने साखर कमी घातली तरी त्याला त्यात कट दिसायचा. त्यामुळे वालीवच्या त्याच्या गाळ्यात कामाला असलेले नरहरीकाका मशीनच्या पेटीतून कापूस काढून मागच्या दाराने नेताना दिसले, तेव्हा त्याच्या डोक्यात किडा वळवळला.

कापसाच्या गाठी बांधायची ही मशीन जुनी, खानदेशातल्या बंद जिनिंग कारखान्यातून आणलेली. लाकडी पेटीत कापूस भरायचा, चाक फिरवून दाबायचा, पट्ट्या आवळून गाठ बांधायची. वटार गावच्या नरहरीकाकांसारखी घट्ट गाठ कुणाला जमत नसे. एल्रॉयची आई फ्लॉसी मात्र मशीनला घाबरायची. खानदेशात त्या मशीनने कुणाचा तरी हात खाल्ला, असं तिच्या कानावर आलं होतं. फादरना बोलावून आशीर्वाद घेऊ म्हणाली, तर एल्रॉयने ते हसण्यावारी नेलं.

पाळत ठेवून त्याने काकांना पुन्हा पकडलं. कापूस कुठे नेता, असं विचारल्यावर काका जमिनीकडे बघत राहिले. चोरीचा आणखी काय पुरावा हवा? त्याने त्यांना तिथल्या तिथे काढून टाकलं, आणि काका चोर ठरल्याची बातमी वटारभर झाली.

पुढे गिऱ्हाइकांकडून गाठी परत येऊ लागल्या. उघडून पाहिल्या तर आत काळा, कुबट कापूस. काकाच कुणाला तरी हाताशी धरून सूड उगवताहेत, याबद्दल एल्रॉयला शंकाच उरली नाही. एका सकाळी तो पोत्यांआड दबा धरून बसला.

दार उघडून आली फ्लॉसी, थेट चर्चमधल्या मिसाहून. तिने पवित्र पाण्याची बाटली काढली, प्रार्थना पुटपुटली आणि भरलेल्या पेटीत अर्धी बाटली रिकामी केली. लेकाचे हात शाबूत राहावेत म्हणून ती रोज यायची. भिजलेला कापूस नरहरी गुपचूप काढून मागे उन्हात वाळवायचा, हेही तिनेच सांगितलं. एल्रॉयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःवरचा राग त्याने तिच्यावरच काढला, नको नको ते बोलला.

संध्याकाळी तो वटारला गेला. काका केळीला पाणी देत होते. चुकलो म्हणाला, उद्यापासून या म्हणाला.

"फ्लॉसीबायला ओरडलास?" काकांनी विचारलं.

एल्रॉयने होकारार्थी मान हलवली.

काकांनी फावड्याने पाणी पुढच्या आळ्यात वळवलं. "तिला बोलणी बसू नयेत म्हणून मी चोर झालो. आता येऊन काय करू?"