मुद्दाम बदललेली पट्टी

त्या शहरात जॅझ वाजवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातल्या निम्म्यांना तरी मास्तरांनीच शिकवलेलं. मास्तर स्वतः ट्रम्पेट वाजवायचे. त्यांच्या शिष्यांमधली सगळ्यात हुशार म्हणजे टिटवी. हे नाव बारक्यानं ठेवलेलं. बारक्या हा मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त, बास म्हणजे ते माणसाएवढं उभं तंतुवाद्य वाजवणारा. बाजूला उभ्या केलेल्या बासपेक्षा स्वतःच रुंद, म्हणून बारक्या. पोरगी पहिल्यांदा सॅक्सोफोन घेऊन आली तेव्हा त्यातून अशी काही किंचाळी निघाली की बारक्या म्हणाला, "ही टिटवी कुठून धरून आणलीस रे?" नाव चिकटलं ते चिकटलंच.

दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात असायची आणि संध्याकाळी मास्तरांच्या घरी वरच्या खोलीत. मास्तर तिच्यावर ओरडायचे. "बोटं नंतर, आधी कान! शेजारच्याचं ऐकायचं नसेल तर घरी बसून एकटी वाजव." ती रडायची, नाक पुसायची, पुन्हा वाजवायची. वर्षं गेली आणि त्या किंचाळीचा असा भरीव, उबदार आवाज झाला की मास्तरांनी तिला आपल्या बँडमध्ये घेतलं. कौतुकानं घेतलं. तोवर त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं.

मग एका रविवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम झाला. जॅझमध्ये आधी सगळे मिळून धून वाजवतात, मग एकेकजण तिच्यावर आपल्या मनानं रचत जातो. टिटवीची पाळी आली आणि सभागृहातली कुजबूज थांबली. तिचं संपलं तरी टाळ्या थांबेनात. त्यानंतर मास्तरांनी वाजवलं. त्यांनाही टाळ्या मिळाल्या, पण तोंडदेखल्या. पुढच्या रांगेतली एक बाई तर तेवढ्या वेळात पर्समध्ये काहीतरी शोधत बसली होती.

मास्तरांना ते झोंबलं.

पुढची धून संथ होती. टिटवीनं कित्येक महिने ती घोटली होती आणि सुरुवातही तिनंच करायची होती. ती पुढे माइकपाशी गेली. मास्तर मागे वळून बारक्याला आणि पियानोवाल्याला हळूच म्हणाले, "पट्टी अर्धा सूर वर घ्या." बारक्यानं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मास्तरांनी नजर चुकवली आणि चुटक्या वाजवून लय दिली. नेहमीच्या दुप्पट.

टिटवीनं पहिला सूर लावला आणि तो सगळ्यांशी कचकचून घासला. तिला वाटलं, आपलं बोट चुकलं. तिनं पुन्हा सुरुवात केली, धडपडत पट्टी शोधायला लागली. तोवर लय पुढे पळाली होती. कुणीतरी हसलं. तिनं सॅक्सोफोन खाली केला आणि ती नुसतीच उभी राहिली.

तेव्हा मास्तरांनी ट्रम्पेट ओठांना लावला आणि असं वाजवलं, की तसं गेल्या कित्येक वर्षांत वाजवलं नव्हतं. लोक उठून उभे राहिले. वाकून नमस्कार करताना मास्तरांना तिची चप्पल दिसली. एक पाऊल दुसऱ्यावर दाबून धरलेलं, शाळेत बाकावर उभं केल्यासारखं. ट्रम्पेट अचानक जड झाला.

घरी जाताना बायको म्हणाली, "आज फार सुंदर वाजवलंत."

मास्तर ट्रम्पेटची पेटी या हातातून त्या हातात घेत चालत राहिले.

"तिला बरं नव्हतं का हो? एवढी तयारी करून असं कसं झालं पोरीचं?"

"होतं कधीकधी," मास्तर म्हणाले, आणि आपल्याच आवाजाची त्यांना किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चष्म्याच्या दुकानात गेले. टिटवी एका आजोबांच्या कानामागे चष्म्याची दांडी बसवत होती. आजोबा जाईपर्यंत मास्तर रिकाम्या फ्रेमा उगाच उचलून ठेवत राहिले. कुठल्याही आरशात बघायला नको म्हणून खाली मान घालून.

"मास्तर, मीच येणार होते संध्याकाळी," तीच आधी बोलली. "माफी मागायला. सगळ्यांचा कार्यक्रम घालवला मी. पट्टीच हरवली. तुम्ही सांभाळून घेतलंत म्हणून बरं."

मास्तरांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. काय बोलायचं ते वाटेत ठरवून आले होते, 'काल जरा गडबड झाली' वगैरे. ते त्यांनी सोडून दिलं.

"पट्टी तू हरवली नाहीस. मी बदलली. मुद्दाम. तुला न सांगता."

ती हातातल्या फडक्याची घडी घालत राहिली. "का?"

"तुला टाळ्या पडल्या. मला बघवलं नाही."

तिनं फडकं काउंटरवर ठेवलं. मग म्हणाली, "काल घरी गेल्यावर मी आईला सांगितलं, मला कानच नाहीत. सॅक्सोफोन विकून टाक, म्हणाले मी तिला." तिचा आवाज फाटला. "तुम्ही आता जा मास्तर. गिऱ्हाइकं येतील."

त्याच आठवड्यात तालमीला मास्तरांनी सगळ्यांसमोर हे सांगितलं. कुणी त्यांना तसं सांगायला लावलं नव्हतं. पियानोवाला खिडकीबाहेर बघत राहिला. बारक्या म्हणाला, "आम्हाला काय कळलं नव्हतं? तू सांगितलंस आणि मी वाजवलं. शहाण्यासारखा थांबलो असतो तर? तू एकट्यानंच दोष घेऊ नकोस." त्या दिवशी तालीम झालीच नाही.

टिटवी बँडमध्ये परत आली नाही. सॅक्सोफोन मात्र तिनं विकला नाही. वर्षभरानं तिनं आपला बँड उभा केल्याचं कानावर आलं, तेव्हा मास्तर आणि बायको ऐकायला गेले. बायकोला आता सगळं माहीत होतं. ती हट्टानं त्यांना घेऊन गेली. दोघं शेवटच्या रांगेत बसले. टिटवी असं वाजवत होती की मास्तरांना मध्येच रुमाल काढावा लागला, आणि या वेळी त्यांना तिचा हेवा वाटला नाही. नुसती लाज वाटली.

कार्यक्रम संपल्यावर ते सटकणार तोच तिनं त्यांना दारात गाठलं. सोबत तिच्याकडे शिकणाऱ्या दोन मुली होत्या. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, रागही नव्हता.

"हे माझे मास्तर," ती मुलींना म्हणाली. "ऐकायला मी यांच्याकडे शिकले."

मुली पाया पडायला वाकल्या. मास्तरांनी घाईघाईनं पाय मागे घेतले.