समोरून आलेला उजेड

चाकूरच्या ग्रामीण रुग्णालयात विशाखाला नर्स म्हणून लागून एकोणीस वर्षं झाली होती. त्यातली शेवटची सहा वर्षं ती लातूरहून स्वतःच्या गाडीनं जाऊन-येऊन करायची. गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची. पण दिवसा तिच्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती संध्याकाळची. दिवाळी सरली की ड्यूटी संपायच्या आतच अंधार पडायचा. त्यात रस्त्याची एक बाजू दुरुस्तीसाठी बंद केलेली, दोन्हीकडची वाहनं एकाच पट्टीवर, कडेला मुरमाचे ढीग आणि पुरुषभर खोल चर. गाडीचे पिवळे दिवे मिणमिण करायचे. नोव्हेंबरात एकदा उसाची ट्रॉली अशी अचानक पुढ्यात आली, की ब्रेक दाबताना तिच्या तोंडून किंकाळीच फुटली. ट्रॉलीच्या मागं ना लाल दिवा होता, ना चमकपट्टी. गाडी चार हातांवर थांबली. त्या दिवशी घरी आल्यावर तिला भाकरी थापता येईना.

"दिवे बदलून घे," तिचा नवरा आनंदराज म्हणाला. तो लातुरातच जिल्हा परिषदेत कारकून होता. "हल्ली सगळे एलईडीच टाकून राहिलेत. खर्च कमी, बॅटरीवर ताण न्हाई."

रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले, झेनॉन घ्या, दिवस उगवल्यासारखं वाटेल. विशाखानं आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि तिचा गोंधळ आणखीच वाढला. शेवटी एका रविवारी ती रिंग रोडवरच्या सिद्धेश्वरच्या दुकानात गेली. सिद्धेश्वर गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. माणूस कामाचा, बोलायला मोकळा.

त्यानं एक युक्ती केली. डाव्या दिव्यात एलईडी बसवला, उजव्यात झेनॉन. गाडी मागच्या गल्लीत नेऊन लावली. गल्लीच्या टोकाला दालमिलची लांबलचक भिंत होती. विशाखाला त्यानं ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः खिडकीशी उभा राहिला.

"आता बघा. एलईडी बटन दाबलं की लागतो. झेनॉनला तापायला चार-पाच सेकंद लागतात, पण एकदा तापला की लई लांब जातो. रोजच्या जाण्या-येण्याला एलईडी बरा, टिकतो बी. लांबचं दिसायचं असेल तर झेनॉन."

उजवा दिवा आधी निळसर झाला, मग पांढराफेक. भिंतीवरचं पिंपळाचं इवलंसं रोप, त्याच्या पानावरची शिरसुद्धा दिसली. डावीकडचा उजेडही चांगला होता, पण जवळचा. विशाखाच्या डोळ्यांपुढं ती ट्रॉली उभी राहिली.

"झेनॉनच टाका," ती म्हणाली.

सिद्धेश्वरनं मान खाजवली. "टाकतो. पण तुमच्या गाडीची ही आतली वाटी जुन्या बल्बच्या मापाची हाय. ह्यात झेनॉन टाकला की उजेड फाकतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो. फोकस खाली करून घ्यावा लागतो. आत्ता माझं ते पेचकस माणूस घेऊन गेलाय. उद्या-परवा येऊन जावा, धा मिनटाचं काम हाय."

"येते," विशाखा म्हणाली.

ती गेली नाही. सोमवारी लसीकरण होतं, मंगळवारी दोन बाळंतपणं, बुधवारी आनंदराजच्या मावशीकडं मयताचं पुण्यानुमोदन. मग राहूनच गेलं. आणि खरं सांगायचं, तर जायची गरजच वाटेना. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला रस्ता दिसत होता. खड्डे, ढीग, कडेनं चाललेली माणसं, कुत्री, सगळं लांबूनच दिसायचं. समोरून येणारे अप्पर-डिप्पर करायचे. एकदा एका ट्रकवाल्यानं काच खाली करून शिवी हासडली. तिला वाटलं, बाई गाडी चालवते म्हणून. अशा शिव्यांची तिला सवय होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. पावणेसात वाजले असतील. चाकूर सोडून ती सात-आठ किलोमीटर आली होती. दोन्ही कडांना चर होता, म्हणून तिनं अप्पर लावलेला. समोरून एक मोटारसायकल आली. मंद, पिवळा दिवा. मोटारसायकलवाल्यानं दोनदा दिवा बारीक-मोठा केला. विशाखाचा हात बटनाकडं गेला, आणि त्याच वेळी चराचा काठ ढासळलेला दिसला म्हणून परत स्टेअरिंगवर आला. मोटारसायकलवाल्यानं एक हात उचलून डोळ्यांपुढं धरला. त्याच्या छातीवर खांद्यापासून कमरेपर्यंत जाड, काळं वेटोळं होतं. मागं बाई बसली होती, जांभळ्या लुगड्यातली. पांढऱ्या उजेडात हे सगळं इतकं लख्ख दिसलं, की बाईच्या कपाळावरच्या विभूतीच्या रेघासुद्धा तिच्या लक्षात राहिल्या.

मग ती दोघं मागं गेली. विशाखानं आरशात पाहिलं. मागचा लाल दिवा दिसला नाही. तिचा पाय ब्रेकवर गेला. वळले असतील शेताकडं, असं तिनं स्वतःला सांगितलं. मागून टेम्पो हॉर्न देत होता. तिनं पाय उचलला.

घरी येऊन तिनं मेथीची भाजी केली. नांदेडला नोकरी करणाऱ्या मुलीला, लुंबिनीला, फोन केला. झोपही लागली.

सकाळी वॉर्डात शिरल्या शिरल्या तिला तिसऱ्या खाटेखाली ते काळं वेटोळं दिसलं. पिठाच्या गिरणीचा रबरी पट्टा. नवाकोरा होता, फक्त चिखल लागलेला. खाटेवर ती बाई होती. जांभळं लुगडं कापून काढलेलं, पायाला फळ्या बांधलेल्या, भुवईवर टाके.

"रात्रपाळीची केस," सोबतची नर्स सांगू लागली. "मोटारसायकल चरात गेली. नवऱ्याला डोक्याला मार, त्याला त्याचा भाऊ तडक लातूरला घेऊन गेला. हिला आता हलवायचंय."

बाईचं नाव नीलम्मा. नवरा मल्लिकार्जुन. उदगीरच्या वाटेवरच्या एका गावात त्यांची गिरणी होती. पट्टा तुटला म्हणून नवा आणायला सकाळी दोघं लातूरला निघाले होते, येताना नणंदेकडं जेवले. विशाखानं रक्तदाब बघायला तिचा दंड हातात घेतला, तशी नीलम्मा आपणहून बोलू लागली.

"अक्का, एकदम पांढरा उजेड आला बघा. दिवस फाकल्यावानी. हे म्हणले, काहीच दिसंना गं. एवढंच म्हणले. मग खाली गेलो." तिनं ओठ ओले केले. "गाडीवाला थांबला बी न्हाई. पोलिसाला सांगितलं. ते म्हणले, धक्का लागला का? मी म्हणलं, न्हाई. तर म्हणले, मग गाडीचा काय संबंध."

विशाखानं रक्तदाब वाचला आणि कागदावर भलताच आकडा लिहिला. खोडून परत लिहिला. मग संडासात जाऊन दार लावून घेतलं आणि तोंडात पदर कोंबून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा नीलम्माला ॲम्ब्युलन्समध्ये चढवत होते. पट्टा खाटेखालीच राहिला होता. विशाखानं तो धावत नेऊन दिला.

संध्याकाळी तिनं आनंदराजला सगळं सांगितलं. त्यानं टीव्ही बंद केला.

"धक्का लागला का?"

"न्हाई."

"कुणी तुझी गाडी बघितली का? नंबर?"

"न्हाई. अहो, त्यानं हात वर केला होता. मी बघितलं ना."

"विशाखा, तू मुद्दाम केलं न्हाईस. तुझी सहा वर्षं नोकरी राहिलीय. लुंबिनीचं अजून जमायचंय. त्याच्यासाठी मंगल कामना कर, पण तोंड उघडू नकोस." असं म्हणताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. घाबरला होता.

दुसऱ्या दिवशी ती सिद्धेश्वरकडं गेली आणि म्हणाली, हे दिवे काढा. का, तेही सांगितलं. सिद्धेश्वर हातातला पाना खाली ठेवून टायरवर बसला.

"एलईडी घेतला असता तर?" तिनं विचारलं.

"ह्या वाटीत त्यानं बी डोळे दिपलेच असते. थोडे कमी, पर दिपले असते." तो जमिनीकडं बघत होता. "चूक माझी बी हाय, ताई. त्या दिवशी मी तुम्हाला गाडीत बसवून दाखवलं. गाडीच्या पुढं उभं करून दाखवायला पाहिजे होतं. पण पुढं उभं केलं तर माल कोण घेईल?"

त्यानं जुने पिवळे बल्ब परत बसवले.

मल्लिकार्जुन पाचव्या दिवशी गेला. रुग्णालयात बातमी आली ती चहाच्या वेळी, कुणीतरी सहज सांगितली. विशाखानं कप ठेवला आणि पायीच पोलीस ठाण्यात गेली.

जमादार तिच्या ओळखीचे होते. त्यांच्या नातवाला तिनंच टोचलं होतं. त्यांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि कपाळावर हात ठेवला. "सिस्टर, पंचनाम्यात आलंय, मोटारसायकल मुरमावरून घसरली. हेल्मेट न्हाई. विषय मिटला. तुम्ही कशाला आगीत हात घालून राहिलात?"

"मी अप्पर लावला होता. त्यानं दोनदा खूण केली. मी बारीक केला न्हाई. हे लिहून घ्या."

"घरी विचारलंत का?"

"लिहून घ्या, साहेब."

जमादारांनी दीड पान लिहून घेतलं. तिनं सही केली. सही नेहमीसारखीच आली, याचं तिला नवल वाटलं.

आनंदराजनं त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं कामापुरतं केलं. नीलम्माचा पत्ता काढायला आठवडा गेला. सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं नव्हतं. ती नांदेडला भावाकडं होती. विशाखा रविवारी एसटीनं नांदेडला गेली. लुंबिनी स्टँडवर घ्यायला आली आणि भावाच्या घराच्या जिन्यापाशी एवढंच म्हणाली, "मम्मी, मी वर येऊ का?" विशाखा नको म्हणाली.

भावाची दोन खोल्यांची जागा होती. नीलम्मा पलंगावर, प्लास्टरचा पाय उशीवर. गळ्यात इष्टलिंगाचा शिवदोरक तेवढा होता, बाकी गळा मोकळा. तिनं विशाखाला ओळखलं.

"अक्का, तुम्ही? एवढ्या लांब?"

विशाखा खाली फरशीवर बसली. खुर्ची होती, पण तिला खुर्चीवर बसवेना. "नीलम्मा, ती गाडी माझी होती."

स्वयंपाकघरात भावजय भांडी घासत होती, तो आवाज थांबला. विशाखानं सगळं सांगितलं. दिवे, दुकान, न केलेला फोकस, चर, आरशात न दिसलेला लाल दिवा.

"त्यांनी हात केला, तवा तुम्हाला दिसत होतं?" नीलम्मानं विचारलं.

"हो."

"मी दिसत होते?"

"हो. तुमचं लुगडं दिसलं. विभूती दिसली."

"एवढं दिसत होतं, मग बारीक का केला न्हाईत?"

"मला चराची भीती वाटली."

नीलम्मानं मान भिंतीकडं वळवली. मग भिंतीलाच सांगावं तसं बोलू लागली. "मी सगळ्यांना सांगून सांगून दमले, उजेड आला म्हणून. कुणी खरं मानलं न्हाई. दीर म्हणतो, तूच मागून कटकट करत असशील, त्याचं ध्यान गेलं. सासू, आमची अव्वा, म्हणती, तू पांढऱ्या पायाची. मातीच्या दिवशी मला गाडीतून खाली उतरू दिलं न्हाई. पंधरा दिवस मलाच वाटून राहिलं, अक्का, की खरंच मी काही बोलले का काय. रोज आठवून बघते. काय बोलले असेन?"

"तुम्ही काही बोलला न्हाईत. तोंड मिटलेलं होतं तुमचं. मी बघितलं."

नीलम्मानं उशीखालून मोबाइल काढला. नंबर लावला, आणि आवाज मोठा करून फोन विशाखाच्या हातात दिला. "दीर हाय. त्याला सांगा. माझ्यासमोर."

विशाखानं सांगितलं. पलीकडून शिव्या सुरू झाल्या. तिच्या आईला, तिच्या जातीला, तिच्या नोकरीला. कोर्टात खेचतो, खडी फोडायला लावतो. विशाखा ऐकत राहिली. तो दम घ्यायला थांबला तेव्हा नीलम्मानं फोन घेतला.

"ऐकलास ना? आता अव्वाला सांग. आजच सांग." आणि तिनं फोन बंद केला.

विशाखा उठली. माफी मागावी असं तिच्या मनात होतं, सगळ्या वाटेत तिनं शब्द जुळवले होते. पण नीलम्मानं हात वर केला.

"जावा आता. तुम्ही आलात ते बरं झालं. पण परत येऊ नका. तुमचं तोंड बघितलं की मला उजेडच दिसंल."

दिरानं खरंच तक्रार केली आणि विशाखाच्याच दीड पानावर गुन्हा दाखल झाला. तिला निलंबित केलं. आनंदराज तारखेला सोबत येतो, बाहेर बाकावर बसतो, आत येत नाही. मागच्या तारखेला नीलम्मा कुबडी घेऊन साक्षीला आली होती. सोबत सासू होती, तिनं सुनेचा दंड धरला होता. वकिलानं विचारलं, बाईंनी मुद्दाम केलं असं वाटतं का? नीलम्मा म्हणाली, "मुद्दाम न्हाई. पर त्यांना दिसत होतं." तेवढंच बोलून ती खाली उतरली. विशाखाच्या शेजारून जाताना कुबडीचा आवाज क्षणभर थांबला, असं विशाखाला वाटलं. तिनं मान वर केली तेव्हा दोघी सासू-सुना दारातून बाहेर पडत होत्या.