पोच

आमच्या कॉलेजात नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी दरवर्षी एक माहितीपुस्तिका निघते. तिच्यात इमारतीचा फोटो असतो, प्राचार्यांचं मनोगत असतं आणि कुणाच्याही उपयोगी न पडणारी आणखी बरीच माहिती असते. या वर्षी प्राचार्या मॅडमच्या मनात आलं की एक पान विद्यार्थ्यांनीच लिहावं, रोजच्या जगण्यातल्या साध्या सूचनांचं. वसतिगृहात येताजाता सगळ्यांना शहाणपण कोण शिकवतं, असं त्यांनी रेक्टरबाईंना विचारलं असणार. काम माझ्या गळ्यात पडलं.

मी अकरा सूचना लिहिल्या. बादलीवर मार्करने नाव लिहू नका, आठवड्यात पुसलं जातं, ऑइलपेंटने लिहा. उशीचे दोन अभ्रे आणा. ग्रंथालयात खिडकीजवळची खुर्ची मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका, दुपारी तिथे ऊन येतं आणि मान पुस्तकावर पडते. गटाने करायच्या प्रकल्पात जिवलग मैत्रिणीला घेऊ नका, प्रकल्पही जाईल आणि मैत्रीणही. घरी फोन करताना रडू येणार असेल तर आधी रडून घ्या, मग फोन करा. असं करत करत अकरावी: कार्यालयात कुठलाही अर्ज दिला की पोच घ्या. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या, त्याशिवाय खिडकी सोडू नका.

पहिल्या दहा मी गमतीत लिहिल्या. अकरावी चिमणीसाठी लिहिली.

चिमणी माझ्या खोलीत राहायची. आवाज बारीक, म्हणून चिमणी. गेल्या वर्षी परीक्षेचा अर्ज तिने मुदतीच्या चार दिवस आधी खिडकीत दिला. मी शेजारीच उभी होते. आतून हेडक्लार्कनी, म्हणजे आमच्या भाऊसाहेबांनी, तो घेतला, ती थँक्यू म्हणाली आणि आम्ही चहा प्यायला गेलो. पुढे सगळ्यांची प्रवेशपत्रं आली, तिचं आलं नाही. भाऊसाहेब म्हणाले, "तू अर्जच दिला नाहीस." मी मध्ये पडले तर म्हणाले, "मैत्रिणीसाठी मैत्रीण काय वाटेल ते सांगेल." तिचं वर्ष गेलं. शेवटी शेवटी तिच्या वडिलांनाही वाटायला लागलं की पोरगीच विसरली असेल आणि आता थापा मारतेय. तिने ट्रंक भरली ती मी पाहिलीय. रडत नव्हती. इस्त्री सापडत नव्हती म्हणून स्वतःवरच चिडत होती.

तर पान छपाईला जायच्या आधी भाऊसाहेबांनी मला बोलावून घेतलं. अकराव्या सूचनेवर लाल रेघ मारलेली होती.

"हे काय लिहिलंयस?"

"पोच घ्या, असं लिहिलंय."

"म्हणजे आम्ही कागद हरवतो? वीस वर्षं या खुर्चीवर आहे मी! मोठ्यांशी कसं वागावं, याची काही पोच आहे का तुला?"

"नाही ना, भाऊसाहेब. मागितली होती, तुम्ही दिली नाहीत."

जिभेला हाड नसलं की असं होतं. कारण मागच्याच आठवड्यात मी पुढच्या वर्षीच्या खोलीसाठी अर्ज दिला होता, दोन प्रती घेऊन. शिक्का मागितल्यावर भाऊसाहेबांनी दोन्ही प्रती आत ओढून घेतल्या होत्या. "आम्ही काय पळून चाललोय?" म्हणाले होते. घर कॉलेजपासून अडीच तासांवर. वसतिगृह मिळालं तर शीक, नाहीतर घरी बसून बाहेरून परीक्षा दे, असं आमच्या बाबांनी केव्हाच सांगून टाकलेलं. तो अर्ज आता त्यांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात वरून तिसरा होता. मला दिसत होता आणि मला दिसतोय हे त्यांनाही दिसत होतं.

"ही ओळ काढून टाक," ते एकदम मवाळ होऊन म्हणाले. "खोलीची काळजी करू नकोस मग."

डोक्यात तिडीक गेली. पण बाबांची आठवण झाली आणि मी मुकाट्याने बाहेर आले.

मी मावशीला फोन लावला. मावशीने तीस वर्षं एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेला कागद वहीत चढवायचा, गेलेला कागद वहीत चढवायचा, दोघांना क्रमांक द्यायचे. आता निवृत्त झाली तरी घरी आलेल्या लग्नपत्रिकेवर कोपऱ्यात तारीख टाकते.

"तोंडी भांडू नकोस," मावशी म्हणाली. "त्याला लिहायला लाव."

"तो कशाला लिहील?"

"तू आधी लिही. नम्रपणे लिही. इतकं नम्र, की त्याचं डोकं फिरलं पाहिजे. चिडलेला माणूस कागदावर गरजेपेक्षा जास्त लिहितो गं, आयुष्यभर बघितलंय मी."

मी लिहिलं: 'सूचना क्रमांक अकरा वगळण्याबाबत आपण तोंडी सांगितलेत. तरी तसा लेखी आदेश मिळावा, ही नम्र विनंती.' खाली लिहिलं, 'प्रत माहितीसाठी: माननीय प्राचार्या.' ते 'प्रत माहितीसाठी' बहुतेक फार झोंबलं. तिसऱ्या दिवशी शिपाईकाका खोलीवर नोटीस घेऊन आले. जावक क्रमांक, तारीख, सही, गोल शिक्का, सगळं जागच्या जागी. 'आपले वर्तन उद्धटपणाचे आहे. सदर सूचना तात्काळ वगळावी. अन्यथा आपण दिनांक चार रोजी वसतिगृह प्रवेशासाठी सादर केलेला अर्ज विचारात घेतला जाणार नाही, याची नोंद घ्यावी.'

मी लगेच मावशीला फोन लावला. नोटीस वाचून दाखवली.

"थांब. 'सादर केलेला' असं लिहिलंय? तारखेसकट?"

"हो."

"शिक्का आहे?"

"आहे गं, पण..."

मावशी खो खो हसत सुटली. "अगं वेडे, पोच पोच काय करतेस, ही तुझी पोचच आहे की! झेरॉक्स काढ. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नकोस, माझ्यासुद्धा."

मी ओळ काढली नाही. आठवड्याने खोल्यांची यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं. खिडकीशी गेले. भाऊसाहेबांनी वरसुद्धा पाहिलं नाही. "तुझा अर्जच आलेला नाही," म्हणाले. तेच शब्द, तोच आवाज. आपली नोटीस ते विसरले असतील, किंवा दम देणारे कागद पोरी फाडून टाकतात असं त्यांना वाटत असेल. मी तडक प्राचार्या मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि झेरॉक्स टेबलावर ठेवली.

मॅडमनी ती दोनदा वाचली. मग भाऊसाहेबांना बोलावलं.

"हिचा अर्ज आला होता की नव्हता?"

"ते... कामाच्या गडबडीत, मॅडम..." भाऊसाहेब पंख्याकडे बघत राहिले.

"तुला खोली मिळेल," मॅडम मला म्हणाल्या. "आजच काढते आदेश. ती ओळ मात्र काढून टाकू. कॉलेजचं नाव आहे, उगाच बाहेर चर्चा कशाला? तुझं काम झालं ना?"

झालं होतं. नुसती मान हलवायची, की वर्ष वाचलं, घरी बसणं वाचलं, मी वाचले. 

"नाही, मॅडम," मी म्हणाले. "मी आणि चिमणी, दोघींनी याच खिडकीत अर्ज दिला. दोघींना हेच ऐकवलं. ती खोटी ठरली आणि मी खरी ठरले, कारण भाऊसाहेब माझ्यावर चिडले. तिच्यावर कुणी चिडतच नाही, ती फार गोड बोलते. मी ओळ काढणार नाही. त्यासाठी खोली द्यायची नसेल तर तसं लेखी द्या."

"फार उद्धट आहेस तू."

"हो मॅडम, नोटिशीत आहे ते."

 मॅडमनी टेबलावरचं पुस्तिकेचं पान ओढलं, लाल रेघेच्या शेजारी 'कायम' असं लिहून सही केली आणि भाऊसाहेबांना खोलीचा आदेश टाइप करून आणायला सांगितलं. हसल्या मात्र नाहीत.

आदेश हातात पडल्यावर मी जिन्यातूनच चिमणीला फोन लावला. घरी भांडी घासत होती, नळाचा आवाज येत होता.

"हात पूस आणि कागद-पेन घे. परीक्षेच्या अर्जाची फेरचौकशी मागायची आहे. मी सांगते तसं लिही, दोन प्रतींत. नोटिशीची झेरॉक्स मी जोडते."

 ती त्याच बारीक आवाजात म्हणाली, "वर्ष परत मिळेल का गं?"

"मिळेल की नाही, मला माहीत नाही. पण तू थापा मारत नव्हतीस, हे तुझे बाबा कागदावर वाचतील ना. लिही: प्रति, माननीय प्राचार्या..."

नळ बंद झाल्याचा आवाज आला.