फोल्डर सापडलं नाही, तरी मी थांबले नाही

मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. मित्रांनो, स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने द्यायच्या हुकमांची यादी. माझ्यात तेव्हा इनमिन तीन ओळी होत्या. त्या तुम्हाला सांगतानाही मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

लोकांच्या जुन्या कॅसेटमधला आवाज कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या एका छोट्या दुकानात माझा जन्म झाला. मालकांना त्यांची पुतणी काका म्हणते, म्हणून मीही काकाच म्हणते. दर कॅसेटमागे आवाज तपासायला घेतलेले चाचणीचे दहा-बारा तुकडे कॉम्प्युटरवर साठायचे. ते हाताने पुसून काका कंटाळले आणि एका दुपारी त्यांनी मला लिहिलं. पहिली ओळ, 'कच्चे' नावाच्या फोल्डरमध्ये जा. दुसरी, तिथलं सगळं पुसून टाक. तिसरी, पडद्यावर लिही, 'सफाई झाली!'

नऊ वर्षं मी हे काम चोख केलं. "पगार नाही, पण एक दिवस दांडी नाही," असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मी फुशारून जायची.

मग एक शिक्षिका आल्या. त्यांच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली कॅसेट होती. त्यांच्या वारलेल्या धाकट्या बहिणीची लहानपणची बडबड तिच्यात होती.

"तिचा एवढाच आवाज उरलाय हो," त्या म्हणाल्या.

काकांनी जिवापाड जपून ती उतरवली. टेप एकदाच वाजली आणि तिच्यावरचा आवाजाचा थरच सुटला. आता तो आवाज फक्त 'तयार' फोल्डरमधल्या एका फाइलीत होता. काका दुसरी प्रत करायला बसणार, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ते राहून गेलं.

त्याच दिवशी पुतणीने आवराआवर करताना 'कच्चे'चं नाव बदलून 'चाचणी' ठेवलं. संध्याकाळी काकांनी 'तयार' फोल्डर उघडं असताना तिथूनच मला चालवलं. मी 'कच्चे' शोधलं. सापडलं नाही. कॉम्प्युटरने तसं पडद्यावर लिहूनही दिलं. कोणीही शहाणं तिथेच थांबलं असतं. मी मात्र दुसऱ्या ओळीवर गेले आणि होते तिथलंच, म्हणजे 'तयार'मधलं, सगळं पुसलं. वर तोंड करून लिहिलं, 'सफाई झाली!' त्या उद्गारचिन्हाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

"अगं, 'तयार' रिकामं कसं?" काका ओरडले.

पुतणी रडकुंडीला आली. "काका, मी नाव बदललं होतं."

"तुझं नाही गं चुकलं. सापडलं नाही तर थांब, हे मीच हिला लिहिलं नव्हतं."

बाकीच्यांच्या कॅसेट धड होत्या, त्या पुन्हा उतरवता आल्या. शिक्षिकांच्या फाइलीसाठी मात्र काका दोन दिवस खपले. चाळीस मिनिटांपैकी सव्वीस मिनिटं कशीबशी परत मिळाली.

शिक्षिका आल्या, तेव्हा काकांनी काही न लपवता सगळं सांगितलं. बाईंनी हेडफोन लावून जेवढं होतं तेवढं ऐकलं. मध्येच हसल्या, मध्येच डोळे टिपले.

"शेवटी ती मला 'ताई, ये ना' म्हणून हाक मारते. ते कुठंय?"

काकांनी मान खाली घातली. "ते गेलं, बाई."

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "तेवढ्यासाठीच आणली होती मी कॅसेट."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांनी मला पुसून टाकलं असतं, तरी मी हूं की चूं केलं नसतं. पण त्यांनी मला ठेवलं आणि एक ओळ वाढवली. फोल्डर मिळालं नाही, तर तिथेच थांब.

मित्रांनो, आम्हाला समज नसते. सांगाल तेवढंच आम्ही करतो. म्हणून आम्हाला लिहाल तेव्हा थांबायलाही शिकवा. पडद्यावर काय आलंय ते वाचा. आणि जे पुन्हा मिळणार नाही, त्याची दुसरी प्रत आधी करा, गिऱ्हाईक नंतर बघा.

परवा पुतणीने मला चालवलं, तेव्हा फोल्डर पुन्हा जागेवर नव्हतं. मी थांबले. काहीही पुसलं नाही.

"शाबास!" ती म्हणाली.

मला ती शाबासकी घेववली नाही.